नगरजीवनातील स्वतःचा वेळ

भारतातील कोणत्याही मोठ्या शहरात दिवसभर कानांवर पडणारी वाक्ये कोणी टिपून ठेवली, तर ‘वेळ मिळत नाही’ हे वाक्य त्यांत बहुधा अग्रस्थानी राहील. दिल्लीतील कारकून ते हिंदीत म्हणतो, कोलकात्यातील शिक्षिका बंगालीत म्हणते, चेन्नईचा दुकानदार तमिळमध्ये म्हणतो. आशय एकच असतो. वेळ ही कोणीतरी देण्याची वस्तू असून देणाऱ्याने हात आखडता घेतला आहे, अशी समजूत या वाक्यात गृहीत धरलेली आहे. मराठीत मात्र त्याच्या शेजारीच आणखी एक प्रयोग रूढ आहे : ‘सवड काढणे’. सवड आपोआप मिळत नाही, ती कशातून तरी बाहेर काढावी लागते, हे या प्रयोगात मान्य केलेले आहे. ती कशातून काढली जाते, कोणाच्या वाट्यातून काढली जाते आणि काढलेली सवड टिकवावी कशी, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत व्याख्यानात करावयाचा आहे.

प्रारंभी ‘स्वतःचा वेळ’ म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. झोप, जेवण, स्नान ही शरीराची गरज होय. तिला लागणारा वेळ शरीराचा. नोकरीचा वेळ मालकाचा, प्रवासाचा वेळ रस्त्याचा किंवा रेल्वेचा, आणि घरकामाचा वेळ कुटुंबाचा. या सर्वांची वजाबाकी केल्यानंतर जो काळ उरतो, ज्याचा हिशेब कोणाला द्यावा लागत नाही, आणि जो माणूस आपल्या मर्जीने वाचनात, फिरण्यात, गाण्यात, मित्राशी बोलण्यात किंवा नुसते खिडकीपाशी बसण्यात घालवू शकतो, तो स्वतःचा वेळ. त्यातून काही उपयुक्त निष्पन्न व्हावे, अशी अट नाही. अट एवढीच की, त्याचा विनियोग दुसऱ्या कोणी ठरविलेला नसावा.

खेड्यातील जीवनात कष्ट कमी होते किंवा आहेत, असे मानण्याचे कारण नाही. परंतु शेतीचे काम ऋतूंप्रमाणे चढते व उतरते, आणि सूर्याच्या घड्याळाला मिनिटांचा काटा नसतो. शहराचे तसे नाही. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ अमलात आली, त्यापूर्वी मोठ्या शहरांची घड्याळे आपापल्या स्थानिक वेळेनुसार चालत. मुंबईची स्थानिक वेळ नव्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती, तर कोलकात्याची २४ मिनिटे पुढे. प्रमाणवेळ स्वीकारणे म्हणजे मुंबईकराला सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे अगोदर दिवस सुरू करणे भाग होते. मुंबईत या बदलास इतका विरोध झाला की, नगरपालिकेने स्थानिक वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. कोलकात्यातही १९४८ पर्यंत ती चालू राहिली. आज हा वाद कोणाला हास्यास्पद वाटेल. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न क्षुल्लक नव्हता. माणसाने केव्हा उठावे आणि केव्हा थांबावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होता.

हाच प्रश्न मुंबईच्या गिरण्यांत त्याआधीच, आणि अधिक तीव्र स्वरूपात, उभा राहिला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरणीचे काम सूर्योदयाच्या सुमारास सुरू होई आणि सूर्यास्ताच्या सुमारास संपे; उन्हाळ्यात दिवस लांबला की कामही लांबे. आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा आणि पगार वेळेवर मिळणे या त्यांतील प्रमुख मागण्या होत्या. या मागण्यांच्या मान्यतेसाठी सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९१ च्या कारखाना कायद्याने, साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांना कायद्याचा आधार मिळाला.

हा इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन आहे. शहरातील सुशिक्षित मनुष्य रविवारकडे पंचांगातील एखाद्या वाराप्रमाणे पाहतो. तो निसर्गानेच दिला आहे, असे त्यास वाटते. वस्तुतः भारतीय कामगाराचा रविवार मागून, भांडून आणि वाट पाहून मिळविलेला आहे. त्यानंतर कामाचे तासही असेच पायरीपायरीने उतरत गेले. १९२२ मध्ये आठवड्याची मर्यादा ६० तास झाली, १९३४ मध्ये ५४ आणि १९४६ मध्ये ४८. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ४८ तासांची मर्यादा कायम ठेवली. प्रत्येक पायरीवर उत्पादन बुडेल, व्यापार बसेल असे इशारे दिले गेले. तसे झाले नाही. यावरून इतका बोध निश्चित घेता येतो की, स्वतःचा वेळ हा केवळ वैयक्तिक शिस्तीचा विषय नाही. ज्याचे कामाचे तासच अमर्याद आहेत, त्याला पहाटे लवकर उठण्याचा उपदेश करणे व्यर्थ होय.

तथापि कायद्याने वाचविलेले तास शहराने दुसऱ्या वाटेने परत घेतले. शहरे पसरली, घरे कामाच्या ठिकाणापासून दूर गेली आणि प्रवास हा दिवसाचा एक स्वतंत्र प्रहर होऊन बसला. गिरणगावातील चाळीत राहणारा कामगार भोंगा ऐकून चालत गिरणीत पोहोचत असे. विरार, कल्याण किंवा पनवेल येथे राहून दक्षिण मुंबईत नोकरी करणाऱ्याचे दररोज तीन ते चार तास वाटेतच जातात. बंगळूरच्या रस्त्यांवर किंवा दिल्ली आणि गुरुग्राम यांच्या दरम्यान अडकून पडणाऱ्यांची स्थिती याहून फारशी निराळी नाही.

माणसाची कल्पकता अशी की, या हिरावलेल्या तासांतूनही तो काहीतरी परत मिळवितो. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत भजनी मंडळे आहेत. ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या गाडीला टाळांचा गजर होतो. कोणी चार स्टेशनांच्या अंतरात वर्तमानपत्र वाचून पुरे करतो, तर कोणी उभ्या-उभ्या कादंबरी संपवितो. पश्चिम रेल्वेने मे १९९२ मध्ये केवळ स्त्रियांसाठी ‘लेडीज स्पेशल’ गाडी सुरू केली. अशा गाड्यांत आणि डब्यांत वाढदिवस साजरे होतात, दसऱ्याला डबे फुलांनी सजविले जातात, वर्षानुवर्षांच्या मैत्री जुळतात. परंतु याच डब्यात संध्याकाळी आणखीही एक दृश्य दिसते. मांडीवर पिशवी उघडून कोणी मेथी निवडत असते, कोणी मटार सोलत असते, कोणी गवार मोडत असते. पुरुषांच्या डब्यात त्याच वेळी पत्त्यांचा डाव पडलेला असतो. एकाच गाडीत, एकाच वेगाने जाणाऱ्या या दोन डब्यांतील फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्याचा उलगडा पुढे होईल.

आता नोकरीच्या आगेमागे राहिलेल्या वेळेतून केवढे कार्य उभे राहू शकते, याचे एक उदाहरण पाहू. १९०७ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन हा विशीही न उलटलेला तरुण कोलकात्यात वित्त विभागात अधिकारी म्हणून रुजू झाला. ट्रामने जाता-येता बहुबाजार रस्त्यावर ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ अशी पाटी त्याच्या दृष्टीस पडली. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीतून स्थापन केलेल्या या संस्थेत उपकरणे होती, जागा होती; काम करणारे मात्र फारसे कोणी नव्हते. रामन यांनी तेथे काम करण्याची परवानगी मिळविली. पुढे त्यांनी आपल्या त्या काळातील दिनक्रमाचे वर्णन केले आहे. पहाटे साडेपाचला ते प्रयोगशाळेत जात; पावणेदहाला घरी परतून स्नान करीत, घाईने चार घास खात आणि उशीर होऊ नये म्हणून टॅक्सीने कचेरी गाठत. सायंकाळी पाचला कचेरीतून थेट प्रयोगशाळेत, आणि रात्री साडेनऊ-दहाला घरी. रविवार संपूर्ण प्रयोगशाळेत जाई. मध्यंतरी रंगून व नागपूर येथे झालेल्या बदल्यांचा काळ सोडला, तर हा क्रम १९१७ पर्यंत, म्हणजे त्यांनी सरकारी नोकरी सोडून विद्यापीठातील प्राध्यापकपद स्वीकारीपर्यंत चालला. ज्या शोधासाठी त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले, तो १९२८ मधील शोधही याच वास्तूत लागला.

ही कथा पुष्कळदा चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली गोष्ट अशी की, रामन यांना जागा मिळाली. एका दूरदर्शी डॉक्टराने समाजाकडून पैसे गोळा करून एक इमारत उभी केली होती, तिचे दार पहाटे आणि रात्री उघडे राहू शकत होते, आणि ती ट्रामच्या वाटेवर होती. ती नसती, तर पहाटेची ती वेळ भाड्याच्या घरातच विरून गेली असती. दुसरी गोष्ट म्हणजे पावणेदहाला घाईने खाल्लेले ते चार घास. ते कोणीतरी वेळेवर रांधून ठेवलेले होते. पत्नी लोकसुंदरी यांनी घराची व्यवस्था पाहिली, म्हणूनच कचेरी आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये घर ही तिसरी कचेरी होऊन बसली नाही. रामन यांची थोरवी यामुळे तिळमात्र उणी होत नाही. मात्र एकाच्या मोकळ्या वेळेचे ऋण बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी खाती लिहिलेले असते, हे विसरता कामा नये.

एकोणिसाव्या शतकात बंगालमध्येच राससुंदरी देवी ही एक गृहिणी होऊन गेली. तिचे जीवन शहरात नव्हे, खेड्यातील मोठ्या कुटुंबात गेले. मुलेबाळे, पाहुणे आणि रांधणे यांत तिचा दिवस सरून जाई. वाचावयास शिकण्याची तिला ओढ होती. पण स्त्रीने शिकणे त्या काळी निषिद्ध मानले जाई. तिने ‘चैतन्य भागवत’ या ग्रंथाचे एक पान आणि मुलाने अक्षरे गिरविलेले एक ताडपत्र स्वयंपाकघरात लपवून ठेवले आणि चुलीपाशी बसून अक्षरांशी अक्षरे जुळवीत ती वाचू लागली. पुढे तिने लिहिलेले ‘आमार जीबन’ हे बंगालीतील पहिले आत्मचरित्र मानले जाते. रामन यांना आपला वेळ पहाटे आणि रात्री, उघड्या दाराने मिळाला. राससुंदरीला तो पदराआड लपवावा लागला.

ही केवळ गतकाळातील गोष्ट आहे काय? भारतात लोकांचा वेळ कसा जातो याची पहिली मोठी सरकारी पाहणी जुलै १९९८ ते जून १९९९ या काळात सहा राज्यांत झाली. त्यानंतर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशव्यापी वेळ-विनियोग पाहणी २०१९ मध्ये केली आणि दुसरी २०२४ मध्ये. २०१९ च्या पाहणीत सहा वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया दिवसात काही ना काही विनावेतन घरकाम करीत असल्याचे आढळले. पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के होते. जे हे काम करीत होते, त्यांचा त्यात जाणारा सरासरी वेळ स्त्रियांच्या बाबतीत दिवसाला २९९ मिनिटे आणि पुरुषांच्या बाबतीत ९७ मिनिटे होता. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली खरी, पण ती पुरुषांनी उचललेली नाहीत; त्यांचाही वेळ नऊ मिनिटांनी कमीच झाला. दोघांमधील अंतर दोनशे मिनिटांच्या घरातच राहिले.

दोनशे मिनिटे म्हणजे तीन तास वीस मिनिटे. रामन यांची सकाळची प्रयोगशाळेतील बैठक सव्वाचार तासांची होती, हे येथे आठवावे. रेल्वेच्या डब्यात निवडल्या जाणाऱ्या मेथीचा उलगडाही येथेच होतो. त्या स्त्रीची संध्याकाळ घरी पोहोचताच सुरू होणार नसते. म्हणून ती स्वयंपाकघरच गाडीत घेऊन येते. अशा वेळी तिला ‘थोडा वेळ स्वतःसाठी काढा’ असा सल्ला देणे म्हणजे रिकाम्या पेटीतून दान करण्यास सांगण्यासारखे आहे.

मध्यमवर्गीय घरांतून या अडचणीवर एक तोडगा काढला जातो, तो मोलकरणीचा. तिच्यामुळे गृहिणीला तासभर मोकळीक मिळते. परंतु तीन-चार घरची धुणीभांडी करून आपल्या घरी परतणाऱ्या त्या बाईचा रविवार कोठे आहे? १८९१ पासूनचे कारखान्यांचे कायदे तिच्या दारापर्यंत पोहोचले नाहीत. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांविषयी जो करार संमत केला, त्यात आठवड्याला सलग २४ तासांच्या विश्रांतीचे तत्त्व नमूद आहे. लोखंडे यांची मागणी घरकामगारांच्या संदर्भात आंतरराष्ट्रीय करारात येण्यास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी एखाद्या कुटुंबाने कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.

आता जागेच्या प्रश्नाकडे वळू. शहरातील घरे लहान आहेत. एका खोलीत चार-पाच माणसे राहतात, तेथे एकांत हा शब्दच उच्चारता येत नाही. म्हणून शहरवासी आपला वेळ घराबाहेर काढतो आणि ज्या शहराने त्यासाठी जागा राखल्या, ते शहर राहण्यास सुसह्य होते. कोलकात्याचे मैदान, चेन्नईचा मरीना किनारा, मुंबईची चौपाटी, दिल्लीतील लोदी उद्यान, बंगळूरचे १८७० मध्ये निर्माण झालेले कब्बन उद्यान ही या दृष्टीने शहराची फुप्फुसे तर आहेतच, पण शहराच्या बैठकीच्या खोल्याही आहेत. कब्बन उद्यानात अलीकडे, २०२२ च्या अखेरीपासून, दर शनिवारी सकाळी काही लोक आपापले पुस्तक घेऊन झाडाखाली जमतात आणि एकमेकांशी न बोलता वाचत बसतात. वर्गणी नाही, भाषण नाही. हा साधा प्रघात नंतर इतर शहरांतही पसरला. वाचण्यासाठी सोबत लागते हे ऐकण्यास चमत्कारिक वाटेल. पण ज्या घरात वाचत बसलेल्या माणसाला सहज हाक मारली जाते, तेथून आलेल्यास ते चमत्कारिक वाटणार नाही.

या जागा मात्र सर्वांस सारख्या खुल्या नाहीत. कोलकात्याचा अड्डा प्रसिद्ध आहे. घरापुढील ओट्यांवर, चहाच्या दुकानांत, कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसमध्ये तासन् तास रंगणाऱ्या या गप्पांनी बंगाली साहित्याला आणि राजकारणाला पुष्कळ काही दिले. पण तो अड्डा दीर्घकाळ प्रामुख्याने पुरुषांचाच राहिला. अहमदाबादच्या पोळांमध्ये घरापुढील ओटलो हा दुपारी स्त्रियांच्या बसण्याचा असे. तेथेही हातात निवडण्या-टिपण्याचे काम असेच. मुंबईतील स्त्रियांच्या सार्वजनिक वावराचा अभ्यास करून तीन संशोधिकांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिले. काही कामानिमित्त चालल्याचे दाखविल्याशिवाय स्त्रीला रस्त्यावर किंवा बागेत थांबता येत नाही, असे त्यांचे निरीक्षण आहे. बाकावर एकटा बसलेला पुरुष कोणाच्या नजरेत भरत नाही. एकट्या बसलेल्या स्त्रीला ती कोणाची वाट पाहत आहे, असे विचारले जाते. ती कोणाचीही वाट पाहत नसून केवळ बसली आहे, हे उत्तर ज्या शहरात पुरेसे ठरेल, ते शहर सुसंस्कृत म्हणावे.

या संदर्भात सार्वजनिक ग्रंथालयाचे स्थान अनन्यसाधारण आहे. तेथे बसण्यास काही विकत घ्यावे लागत नाही आणि तेथे बसलेल्या स्त्रीला वा पुरुषाला कोणी कारण विचारीत नाही. चेन्नईचे कॉनेमारा ग्रंथालय १८९६ पासून वाचकांची सेवा करीत आहे. दिल्ली पब्लिक लायब्ररी १९५१ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने जुन्या दिल्लीच्या रेल्वेस्थानकासमोर सुरू झाली. वाचक जेथून जातो-येतो तेथेच ग्रंथालय असावे, हा विचार त्या स्थळात दिसतो. मुंबईत काळा घोडा येथील डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या मागील बागेत गजबजलेल्या रस्त्यापासून दहा पावलांवर शांतता मिळते. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील चौथा नियम वाचकाचा वेळ वाचविण्यास सांगतो. पुस्तक शोधण्यात वाचकाची पंधरा मिनिटे गेली, तर ती त्याच्या वाचनातून वजा होतात, हे रंगनाथन यांनी ओळखले होते. नगरपालिका, रेल्वे, बँका, रुग्णालये अशा सर्वच सार्वजनिक संस्थांनी हा नियम आपल्या दारावर लावावा, इतका तो मोलाचा आहे. रांगेत आणि खेपांत गेलेला नागरिकाचा वेळ हा त्याच्याकडून वसूल केलेला, पण कोणत्याही अंदाजपत्रकात न दिसणारा कर होय.

अलीकडील काळात घर आणि कचेरी यांच्यामधील भिंतच पातळ झाली आहे. पूर्वी कचेरीचे दार बंद झाले की, साहेबाचा आवाज तेथेच राही. आता तो प्रत्येकाच्या खिशात घरी येतो. २०२० मधील टाळेबंदीत अनेकांनी जेवणाच्या टेबलावर कचेरी मांडली आणि ती नंतर पूर्णपणे उचलली गेली नाही. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या कर्मचाऱ्याच्या हक्काला जानेवारी २०१७ पासून कायद्यात स्थान मिळाले; आपल्या लोकसभेतही त्या आशयाचे अशासकीय विधेयक मांडले गेले आहे. परंतु सारा दोष मालकांवर ढकलून चालणार नाही. मोबाइल हाती घेऊन पाच मिनिटांसाठी बसलेला मनुष्य तासाने उठतो, तेव्हा तो तास कोणी मागितलेला नसतो. तो त्यानेच देऊन टाकलेला असतो. त्याने काय पाहावे याची निवडही बहुतांशी दुसऱ्याने केलेली असते. प्रारंभी सांगितलेली कसोटी लावली, तर अशा वेळेला स्वतःचा वेळ म्हणता येईल की नाही, याचा ज्याचा त्याने प्रामाणिकपणे विचार करावा.

तर मग करावे काय? चार गोष्टी सुचविता येतात. त्यांत नवे काही नाही, पण त्या आचरणात आणणे शक्य आहे.

पहिली गोष्ट, स्वतःचा वेळ जाहीर करावा. महात्मा गांधी सोमवारी मौन पाळीत असत. देशातील सर्वांत व्यग्र माणसांपैकी एक असलेल्या या पुरुषाने आठवड्यातील एक दिवस भाषणे व मुलाखती यांतून सोडविला होता, आणि तो कोणता हे सर्वांस ठाऊक होते. २ जून १९४७ रोजी, देशाच्या फाळणीची योजना पुढे आलेली असताना, ते व्हाइसरॉय माउंटबॅटन यांना भेटले, तो सोमवार होता. गांधीजी बोलले नाहीत. त्यांनी आपले म्हणणे वापरलेल्या लिफाफ्यांच्या पाठीवर लिहून दिले. इतक्या कसोटीच्या दिवशीही जे टिकले, ते पूर्वीच जाहीर झालेले होते म्हणून टिकले. सामान्य गृहस्थाने किंवा गृहिणीने ‘संध्याकाळी सात ते साडेसात मला हाक मारू नका’ असे घरात सांगून ठेवण्यास संकोच का करावा?

दुसरी गोष्ट, तो वेळ लहान पण ठरलेला असावा. निवृत्तीनंतर वाचू, मुले मोठी झाली की गाणे शिकू, असे म्हणणाऱ्यांच्या हातून बहुधा दोन्ही राहून जाते. १८८४ च्या कामगारांनी दुपारचा अर्धाच तास मागितला होता. दररोजचा अर्धा तास वर्षाला १८० तासांहून अधिक होतो. आणि तेवढ्यात बऱ्याच जाड ग्रंथांचे वाचन होऊ शकते.

तिसरी गोष्ट, कुटुंबाने आपला हिशेब एकदा मांडून पाहावा. सरकारी पाहणीत पहाटे चार ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचा काळ अर्ध्या-अर्ध्या तासांत विभागून नोंदविला जातो. एका आठवड्यापुरता असाच तक्ता घरातील प्रत्येकाने भरावा आणि रविवारी सर्व तक्ते शेजारी-शेजारी ठेवावेत. कोणाच्या तक्त्यात मोकळे रकाने आहेत आणि कोणाच्या नाहीत, हे सांगण्यासाठी मग वादविवाद करावा लागणार नाही. ज्याचे रकाने अधिक मोकळे आहेत, त्याने भाजी निवडण्यापासून किंवा मुलांचा अभ्यास घेण्यापासून आरंभ करावा. स्वतःसाठी वेळ काढण्याचा हा मार्ग प्रथमदर्शनी उलटा वाटेल. परंतु जेथे सर्वांना थोडा वेळ मिळतो, तेथेच तो कोणाकडूनही हिसकावून घेतलेला नसतो, आणि म्हणून निर्वेध भोगता येतो.

चौथी गोष्ट, मिळालेला वेळ लगेच भरून टाकू नये. रिकाम्या तासाची शहरी माणसास भीती वाटते. त्या तासात एखादा अभ्यासवर्ग, एखादा उपक्रम, एखादे उद्दिष्ट घातल्याशिवाय त्यास चैन पडत नाही. मग स्वतःचा वेळही दुसऱ्या नोकरीसारखा होतो. कधीतरी काहीही न करता बसण्याची मुभा माणसाने स्वतःस दिली पाहिजे.

२४ एप्रिल १८९० च्या त्या सभेत ज्या दोन स्त्रिया बोलावयास उभ्या राहिल्या, त्याही दिवसभर गिरणीत राबणाऱ्या होत्या आणि घरी परतल्यावर त्यांच्यापुढेही चूल होतीच. रविवार मिळाला, तेव्हा गिरणीचे यंत्र त्यांच्यासाठी थांबले. चूल मात्र त्या दिवशीही पेटवावी लागलीच असणार. शहरातील माणसाला स्वतःचा वेळ मिळवून देण्याचे जे कार्य गिरणीच्या दारात सुरू झाले, त्याचा उरलेला भाग घराच्या आत करावयाचा आहे. त्यासाठी सभा, निवेदन किंवा सहा वर्षांची प्रतीक्षा यांपैकी कशाचीच गरज नाही; येत्या रविवारी सकाळी चुलीपाशी कोण उभे राहील, एवढे ठरविले तरी आरंभ होऊ शकेल.